मॅकवरून आलेल्या '._' फाइली: काय उडवायचं, काय राहू द्यायचं

तुम्ही लिहिलंय की मॅकवरचे फोटो आणि गाणी एक्सफॅट हार्ड डिस्कवरून विंडोजवर आणली, आणि आता प्रत्येक फाइलीला '._' ने सुरू होणारी एक जोडीदार दिसते. ती उघडत नाही, गाडीच्या स्टिरिओत प्रत्येक गाण्याआड एक 'फाइल चालत नाही' असा संदेश येतो. शिवाय डिस्क रिकामी करूनही भरलेली दिसते, असंही तुम्ही म्हणता. हा व्हायरस नाही आणि तुमच्या मूळ फाइली बिघडलेल्याही नाहीत. तरीही डिलीट मारायची घाई करू नका, आधी दोन गोष्टी तपासा.

मॅकच्या स्वतःच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत) फाइलीची जादा माहिती (रंगीत टॅग, फाइल कुठून डाउनलोड झाली, खास आयकॉन) फाइलीलाच चिकटून राहते. फॅट ३२ आणि एक्सफॅटमध्ये त्यासाठी सोयच नाही. म्हणून मॅक ती माहिती शेजारी वेगळ्या फाइलीत लिहितो: नाव मूळचंच, पुढे '._'. एक्स्टेन्शनही तेच राहतं, त्यामुळे स्टिरिओ तिला गाणं समजून वाजवायला जातो आणि आत आवाज नसल्यामुळे अडतो. अशी एक फाइल साधारण ४ केबीची असते, पण डिस्कवर जागा जास्त खाते. ३२ जीबीहून मोठी डिस्क विंडोजवर एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली की क्लस्टर (जागा वाटण्याचं सर्वात छोटं माप) सहसा १२८ केबीचा ठरतो, आणि फाइल कितीही छोटी असली तरी एक अख्खा क्लस्टर अडवते. ८,००० फोटो असतील तर नुसत्या या जोडीदारांनी सुमारे १ जीबी जागा जाते.

आता तपासणी. एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा आणि आकाराचा रकाना बघा. मूळ फोटो काही एमबीचा आणि '._' वाली काही केबीची असेल तर ठीक. उलट चित्र दिसलं, म्हणजे मूळ फाइल ० बाइटची आणि '._' वाली मोठी, तर तिथे हात लावू नका. जुन्या मॅकवरचे सूटकेस फाँट आणि टाइप १ पोस्टस्क्रिप्ट फाँट असेच असतात: त्यांचा सगळा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये (मॅकच्या फाइलीला जोडलेल्या वेगळ्या भागात) असतो आणि तो एक्सफॅटवर '._' फाइलीतच येतो. छपाईच्या कामाचे जुने मराठी फाँट अशा डिस्कवर असतील तर साफसफाईत ते कायमचे जातील. ते फोल्डर मॅकवरच झिप करा आणि झिप जशीच्या तशी जपून ठेवा.

दुसरी तपासणी: '._' फाइल आहे पण तिची मूळ फाइल नाही, असं कुठे दिसतं का? तसं असेल तर कॉपी अर्धवट तुटली असण्याची शक्यता आहे. मॅकवरचं मूळ फोल्डर पुसण्याआधी दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवून बघा.

हे झालं की साफसफाई. खालच्या कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या. मॅक हाताशी असेल तर सर्वात नेटका उपाय तोच. टर्मिनलमध्ये 'डॉट_क्लीन -एम' लिहून एक जागा सोडा, डिस्कचं चिन्ह त्या खिडकीत ओढून टाका आणि एंटर दाबा.

मॅक नसेल तर विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरशेल नको, तिथे 'डेल' या पुसायच्या कमांडचे खाली दिलेले स्विच ('/एस', '/क्यू' वगैरे) चालत नाहीत. विंडोज ११ मध्ये टर्मिनल उघडलं की बहुधा पॉवरशेलच समोर येतं, म्हणून आधी 'सीएमडी' टाइप करून एंटर दाबा. मग डिस्कचं अक्षर, समजा 'ई:', आणि नंतर 'सीडी \'. पहिल्यांदा फक्त यादी काढा: 'डीआयआर /एस /बी /ए ._*'. यादी खरोखर वाचा. अपेक्षेबाहेरचं काही नसेल तरच 'डेल /एस /क्यू /एफ /ए ._*'. यातला '/ए' महत्त्वाचा आहे. तो विसरलात तर लपवलेल्या फाइली 'डेल'ला दिसतच नाहीत आणि फाइल सापडत नाही असा संदेश येतो.

खुणेतला अंडरस्कोर गाळून '.*' मात्र कधीही वापरू नका. प्रोग्रॅमिंगच्या फोल्डरांत गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास ठेवणारं फोल्डर आणि सेटिंगच्या अनेक फाइली यांची नावं टिंबानेच सुरू होतात.

'.डीएस_स्टोअर' ही फाइंडरची (मॅकवर फोल्डर उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) फाइल: खिडकीचा आकार, आयकॉनची जागा वगैरे. बेधडक उडवा. मॅकवर ती टर्मिनलमधल्या 'फाइंड' कमांडने शोधून उडवणार असाल तर '-डिलीट' शेवटीच लिहा. 'फाइंड' अटी डावीकडून उजवीकडे तपासतो. '-डिलीट' आधी आणि '-नेम' नंतर लिहिलंत तर नाव बघण्याआधीच समोर येईल ते सगळं पुसलं जातं.

डिस्क रिकामी करूनही भरलेली दिसते, ही तुमची दुसरी तक्रार. ती बहुतेक '.ट्रॅशेस' फोल्डरमुळे आहे. मॅकवर त्या डिस्कवरचं जे काही कचऱ्यात टाकलंत, ते तिथेच पडून असतं. डिस्क मॅकला जोडलेली असताना ट्रॅश रिकामा करा. विंडोजवर 'आरडी /एस /क्यू .ट्रॅशेस' चालेल, पण आतलं काही परत मिळणार नाही. '.स्पॉटलाइट-व्ही१००' ही शोधसूची, '.एफएसइव्हेंट्सडी' ही बदलांची नोंद; दोन्ही काढता येतात, मॅकला डिस्क लावली की पुन्हा तयार होतात.

विंडोजच्या बाजूचं थोडक्यात: 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' राहू द्या. 'डेस्कटॉप.आयएनआय' कॉपी केलेल्या फोल्डरमधून काढली तर फार तर फोल्डरचा खास आयकॉन जाईल. 'थंब्स.डीबी' वापरात असल्याचं सांगून डिलीट होत नसेल तर फोल्डरचा व्ह्यू 'डिटेल्स' करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन परत या आणि मग काढा.

पुढच्या वेळी डिस्क काढण्याच्या अगदी आधी 'डॉट_क्लीन' चालवा आणि त्यानंतर फाइंडरमध्ये ती डिस्क न उघडता इजेक्ट करा, नाहीतर '.डीएस_स्टोअर' परत तयार होईल. फाइली झिप करून पाठवत असाल तर फाइंडरचं 'कॉम्प्रेस' आत '__मॅकओएसएक्स' नावाचं फोल्डर घालू शकतं. फोटो-गाण्यांच्या झिपमधलं ते फोल्डर निर्धास्त काढा. फाँटच्या झिपमध्ये मात्र त्यातच फाँटचा ऐवज असतो.