केसांखाली हात घालून बघा: तिबेटी कुत्र्यांबद्दल तुमचे प्रश्न

चाळीसेक वर्षं झाली या कुत्र्यांचा नाद लागून. आधी एक ल्हासा आप्सोची मादी आली, मग तिची पिल्लं, मग डॉग शो, मग टिबेटन टेरियर, आणि आता बरीच वर्षं रिंगमध्ये जज म्हणून उभी राहते. प्रश्न ढीगभर आलेत, जे पुन्हा पुन्हा विचारले जातात ते आज घेते.

प्रश्न: आमच्या कुत्र्याला ब्रीडरने ल्हासा आप्सो म्हणून दिलं, पण कोणी शिह त्झू म्हणतं तर कोणी टिबेटन टेरियर. ओळखायचं कसं?

पहिली गोष्ट, केस बघू नका, तिघांचेही लांबच असतात. हाताने चाचपून बघा. टिबेटन टेरियर चौकोनी असतो म्हणजे खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि उंची सारखीच, नराची उंची 36 ते 41 सेंटीमीटर. ल्हासा त्याच्यापेक्षा बराच बुटका, नर साधारण 25 सेंटीमीटर, आणि उंचीपेक्षा अंगाने लांब. शिह त्झूचं डोकं गोल नि रुंद, नाक अगदी आखूड. ल्हासाचं डोकं त्यामानाने अरुंद, डोळ्यांच्या मागे निमुळतं होत जाणारं, आणि नाकाचा भाग साधारण 4 सेंटीमीटर तरी हवा.

आणि सगळ्यात सोपी खूण सांगते, टेरियरचा पंजा हातात घ्या. मोठा, गोल, सपाट, बोटांच्या मधे भरपूर केस. बाकी कुत्र्यांसारखी बोटांची कमान नसतेच. बर्फावर चालायला पसरट पाय लागतो, तो हा. एकदा हाताला कळला की परत चूक होत नाही.

हा गोंधळ तुमच्याच घरातला नाहीये, शंभर वर्षं जुना आहे. तिबेटातून बाहेर आलेल्या सगळ्या लहान केसाळ कुत्र्यांना पूर्वी सरसकट ल्हासा टेरियर म्हणायचे. डॉ. अ‍ॅग्नेस ग्रेग कानपूरला काम करत होत्या, त्यांना 1922 मध्ये एका तिबेटी कुटुंबाने उपचाराच्या बदल्यात बंटी नावाची पिल्लू मादी दिली आणि तिच्यापासून त्यांनी टिबेटन टेरियरची ब्रीड बाहेर उभी केली. 1928 मध्ये बेली हे ब्रिटिश अधिकारी आणि त्यांची पत्नी ल्हासा आप्सो घेऊन इंग्लंडला गेले आणि दोन्ही कुत्री शेजारी शेजारी उभी राहिल्यावर लोकांना फरक दिसायला लागला. 1934 मध्ये टिबेटन ब्रीड्स असोसिएशन झाली आणि प्रत्येक ब्रीडचं स्टँडर्ड, म्हणजे ते कुत्रं कसं असावं याचं अधिकृत वर्णन, वेगळं लिहिलं गेलं. टेरियर हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. बिळात घुसून शिकार करणारा तो टेरियर, आणि या कुत्र्याचा त्या कामाशी काहीही संबंध नाही. हा मठात, घरात, कळपाबरोबर राहणारा सोबती, म्हणून याच्याकडून टेरियरच्या तडफेची अपेक्षा करू नका.

प्रश्न: जज केसांत हात घालून नेमकं काय बघतात? आमच्या ल्हासाचा कोट जमिनीला टेकतो तरी मागे पडला.

तुमची निराशा कळते, तो कोट वाढवायला काय मेहनत लागते हे मला माहितीये. पण माझ्यासाठी कोट शेवटी येतो. टेबलवर कुत्रं आलं की मी आधी थोडं लांबून बघते, मग हात पुढे करते. केसांखाली खांदा मागे झुकलेला आहे का, छाती पुरेशी मागेपर्यंत गेलीये का, पाठ सरळ आहे का, मांडीला स्नायू आहेत का. मग तोंड. ल्हासाचे दात उलटे बसतात म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित आत, आणि हा दोष नाहीये, स्टँडर्डमधेच तसं लिहिलंय. मग खाली सोडून चालताना बघते आणि तिथे बहुतेक निकाल लागतो कारण केसांनी उभं राहणं लपवता येतं, चालणं नाही.

एक प्रसंग सांगते. एका शोमध्ये माझ्यासमोर दोन ल्हासा उरले होते, एकाचा कोट रेशमासारखा, पार जमिनीपर्यंत, लोक फोटो काढत होते, आणि दुसऱ्याचा कोट जेमतेम, एका बाजूला तर तुटलेलाही होता. पण पहिल्याला हात लावला तर आत काही नाही, हाडं आणि मऊ मांस, श्वासही लागत होता. दुसरा म्हणजे घट्ट बांधलेली पुरचुंडी. मी दुसऱ्याला पहिलं केलं. रिंगबाहेर कुजबुज झाली ती ऐकू आली मला. पण हे कुत्रं 4000 मीटर उंचीवरच्या थंडीत, विरळ हवेत घडलंय, तिथे ज्याला चार पावलं चालल्यावर धाप लागते ते टिकलंच नसतं. मी आजही तोच निकाल देईन.

केस कसे हवेत तेही सांगते, ल्हासाचा केस जड, सरळ, थोडा राठ हवा, लोकरीसारखा किंवा रेशमी नको. हल्ली रेशमीच जिंकताना दिसतो आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: टिबेटन मॅस्टिफ घ्यायचाय. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, नोकरी दोघांची. जमेल ना?

नाही जमणार. याला तिबेटीत दो-ख्यी म्हणतात, बांधून ठेवलेला कुत्रा असा त्याचा अर्थ. दिवसा तंबूपाशी किंवा दारात बांधायचा आणि रात्री सोडायचा, ही शतकानुशतकांची ड्यूटी. म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये तो रात्रभर जागणार आणि जिन्यात पाऊल वाजलं की भुंकणार, त्यात त्याची काय चूक. नर कमीत कमी 66 सेंटीमीटर उंच, मोठा व्हायला तीन-चार वर्षं घेतो, आणि सांगितलेलं ऐकायचं की नाही ते स्वतः ठरवतो. मादी बहुतेक वर्षातून एकदाच माजावर येते, तेही हिवाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळे ज्याच्याकडे कधीही पिल्लं तयार असतात त्याच्याकडे संशयाने बघा.

चीनमध्ये याचं काय झालं ते आठवा. 2011 मध्ये एक लाल मॅस्टिफ एक कोटी युआनला विकला गेल्याच्या बातम्या झळकल्या, सिंहासारखी आयाळ दिसावी म्हणून वाट्टेल तसं ब्रीडिंग झालं, आणि काही वर्षांत भाव कोसळल्यावर तीच कुत्री पठारावर मोकाट सोडली गेली. मला त्या बातम्या आजही वाचवत नाहीत. या जातीच्या रक्तात उंचीवर जगण्याचा जो जीन आहे, ईपीएएस1, तो तिबेटी लांडग्याकडून आलाय असं जनुकांच्या अभ्यासातून कळलंय. इतकं जुनं, इतकं कमावलेलं जनावर, आणि त्याची किंमत आयाळीवर ठरली.

प्रश्न: आमची टिबेटन टेरियर मादी तीन वर्षांची आहे, एकदा तरी पिल्लं घ्यावीत असं घरच्यांना वाटतं. आधी काय करायचं?

एकदा तरी व्हायलाच हवीत असं काही नसतं, मादीच्या तब्येतीला त्याची गरज नसते, हे आधी घरच्यांना सांगा. तरीही घ्यायची असतील तर आधी टेस्ट. या ब्रीडमध्ये दोन आजार मला सगळ्यात जास्त छळतात. एक म्हणजे डोळ्यातलं भिंग जागेवरून सुटणं, पीएलएल, यात तीन ते आठ वर्षांच्या वयात अचानक डोळा लाल होतो, दुखतो, वेळेत उपचार नाही झाले तर नजर जाते. दुसरा एनसीएल, मेंदूचा आजार, कुत्रं हळूहळू गोंधळायला लागतं, तोल जातो, स्वभाव बदलतो. आणि हा दिसतो पाचेक वर्षं उलटल्यावर, म्हणजे तोवर त्या कुत्र्याची पिल्लं होऊन, त्या पिल्लांचीही पिल्लं झालेली असतात. डीएनए टेस्ट नव्हती त्या काळात आम्ही अंधारातच चाललो होतो. माझ्या एका लाडक्या नराला साडेपाच वर्षांचा असताना पीएलएल झाला, तोवर त्याच्यापासून तीन वेळा पिल्लं झाली होती, त्या प्रत्येक घरी मी स्वतः फोन केला. ते फोन आयुष्यात विसरणार नाही.

आता दोन्हींसाठी डीएनए टेस्ट आहे, करा. मादी कॅरिअर निघाली, म्हणजे तिच्यात आजाराच्या जीनची एकच कॉपी असली, तरी ती बाद झाली असं नाही. कॅरिअरला क्लिअर, म्हणजे एकही कॉपी नसलेला, नर दिला तर साधारण निम्मी पिल्लं कॅरिअर होतील, पण आजाराच्या दोन कॉपी कुणालाच मिळणार नाहीत. दोन कॅरिअर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला चारात एक असा धोका. पीएलएलमध्ये मात्र कॅरिअरलाही थोडा धोका असतो, त्यामुळे त्यांचे डोळे दरवर्षी दाखवत राहा. सगळ्या कॅरिअरना एकदम बाहेर काढलं तर आधीच लहान असलेला जीन पूल, म्हणजे ब्रीडमधल्या जनुकांचा साठा, आणखी आटतो आणि मग नवीनच आजार वर येतात, म्हणून तसंही करू नका. हिप्सचा एक्स-रेही काढा. आणि नर निवडताना सगळे ज्याच्याकडे धावतायत तो चॅम्पियन मुद्दाम टाळा, त्याची पोरं आधीच सगळीकडे आहेत.

प्रश्न: आठ आठवड्यांच्या पिल्लात शो क्वालिटी दिसते का?

अंगाचा बांधा दिसतो, दात नाही. दुधाचे दात पडून नवे येताना खालचा जबडा पुढे सरकू शकतो. त्यामुळे दोन महिन्यांच्या पिल्लाची कुणी शो क्वालिटी म्हणून गॅरंटी देत असेल तर जास्त पैसे देऊ नका.

प्रश्न: दहा महिन्यांचा झाल्यापासून केसांत रोज गुंते. कापून टाकू?

पिल्लाचा कोट जाऊन मोठ्याचा येतोय, नवा केस जुन्यात अडकतो. चार-पाच महिने त्रास होणारच. कोरडा ब्रश फिरवू नका, थोडं पाणी फवारा, कातडीपासून थराथराने सोडवा, आणि गुंते काढल्याशिवाय अंघोळ तर अजिबात नको, भिजले की नमद्यासारखे घट्ट बसतात. शोला न्यायचा नसेल तर खुशाल कापा, कुत्रं सुखात राहील.

प्रश्न: टिबेटन स्पॅनियलबद्दल कुणी बोलतच नाही?

खरंय, आणि ते चुकतंय. चार ते पावणेसात किलोचं कुत्रं, मठाच्या भिंतीवर बसून लांबवर नजर ठेवायचं आणि कोणी येताना दिसलं की भुंकून खालच्या मॅस्टिफला उठवायचं असं सांगतात. तुमच्याही खिडकीत, सोफ्याच्या पाठीवर ते असंच बसेल. छोट्या घरात पहिलं तिबेटी कुत्रं आणायचं तर मी हेच सुचवते.

प्रश्न: आमचा ल्हासा अनोळखी माणसाला हात लावू देत नाही, रिंगमध्ये मागे सरकतो. लाजाळू म्हणून जज मार्क कापतील का?

अलिप्त असणं आणि घाबरणं वेगळं. ल्हासाने परक्याच्या अंगावर उड्या माराव्यात असं स्टँडर्ड म्हणतच नाही, त्याने थोडं अंतर राखणं हाच त्याचा स्वभाव. पण शेपूट खाली, अंग थरथरतंय, टेबलवरून पळायला बघतोय, तर मात्र मी त्याला वर ठेवू शकत नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, वरून डोक्यावर हात नको, हनुवटीखालून आणा, त्याला हुंगू द्या, मग एकदा पाठीवरून हात फिरवून बाजूला व्हा. लाड नकोत, बोलणं नको. रोज दोन-तीन माणसं, महिना-दीड महिना. टेबलवर उभं राहायची सवय वेगळी लावा आणि तोंड उघडून दात दाखवायची सगळ्यात शेवटी.