‘इतर’ रकान्याने काय सुटतं?

प्रिय,

तुझ्या सर्वेक्षणाची प्रश्नावली वाचली. ‘लिंग’ या प्रश्नाखाली पुरुष, स्त्री, इतर असे तीन रकाने आहेत. त्याने द्वैत मोडत नाही. दोन घरं शाबूत राहतात आणि उरलेल्यांची कोपऱ्यात रवानगी होते. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’मध्ये 4,87,803 नोंदी झाल्या, त्यांतली 54,854 सहा वर्षांपर्यंतची मुलं. ती स्वतःबद्दल काय सांगणार? घरातल्या कुणीतरी ठरवलं. तरीही हा आकडा तृतीयपंथीयांची लोकसंख्या म्हणून सर्रास छापतात. तू छापू नकोस.

गफलत अशी, की जन्माची नोंद, स्वतःची लिंगओळख, लैंगिक ओढ आणि प्रत्यक्ष शरीरसंबंध या चार गोष्टी आपण एकाच रकान्यात कोंबतो. एक कळली की बाकीच्या कळल्याच, असं धरून चालतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला जोगता बघ. लुगडं नेसून, डोक्यावर देवीचा जग (मूर्ती ठेवलेली टोपली) घेऊन जोगवा मागतो. काहींना घरी बायकामुलंही असतात. ‘इतर’वर खूण केलीस तर संसार गायब, ‘पुरुष’वर केलीस तर लुगडं. एचआयव्हीच्या कामात ‘एमएसएम’ (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष) हा गट वर्तनावरून केला, म्हणून स्वतःला समलिंगी न म्हणवणारे विवाहित पुरुषही त्यात आले. पण तिथेही तृतीयपंथी बरीच वर्षं पुरुषांतच मोजले गेले!

तेव्हा प्रश्न तोड. आधी ‘तुम्ही स्वतःला काय म्हणवता?’ विचार आणि पर्यायांच्या वर एक कोरी ओळ सोड. हिजडा, जोगता, पारलिंगी (ट्रान्सजेंडर), जो शब्द येईल तो तसाच उतरव. मग जन्माच्या वेळची नोंद. इंटरसेक्सचा, म्हणजे ज्यांचं शरीर जन्मतःच स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात बसत नाही त्यांचा, प्रश्न वेगळा ठेव. 2019 च्या कायद्याने त्यांनाही ट्रान्सजेंडरच्याच व्याख्येत घातलं, तो घोळ तू पुढे नेऊ नकोस. ओढ आणि संबंध हे विषयाला लागत असतील तरच, तेही सासू शेजारी बसलेली असताना मुळीच नाही. ऑपरेशन झालंय का, हा प्रश्न काढून टाक. स्वतःची लिंगओळख ठरवायला शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 लाच सांगितलंय.

सर्वेक्षक दारातूनच नाव आणि कपडे पाहून खूण करून मोकळे होतात, हे हमखास घडतं. पाचदहा घरी स्वतः सोबत जा. ‘सांगायचं नाही’ला वेगळा कोड दे, नाहीतर ते आणि राहून गेलेलं उत्तर एकच दिसेल.

आणि गाववार तक्ते काढू नकोस. छोट्या गावात ‘1’ छापलंस की तो कोण, हे चावडीवर सगळ्यांना कळतं. पाचाखालचे आकडे तालुक्याच्या आकड्यात मिसळ; तिथेही पाच भरत नसतील तर जिल्ह्याच्या.