आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या कोर्टात व्यापारी वादाची केस टाकली तर निकाल नक्की कोण देतं?

नावात कोर्ट आहे म्हणून गोंधळ होतो, पण पॅरिसचं हे आयसीसी कोर्ट १९२३ पासून चालू असलं तरी स्वतः एकही निकाल देत नाही. निकाल देतात ते आर्बिट्रेटर, म्हणजे आपले लवाद. तीन असतील तर साधारणपणे दोन्ही पार्ट्या एकेक नाव सुचवतात आणि तिसरा, जो अध्यक्ष असतो, तो ठरवून घेतलं नसेल तर कोर्ट नेमतं. समोरची पार्टी गप्प बसली तरी तिच्या वतीने कोर्टच नेमणूक करतं, त्यामुळे केस अडून राहत नाही.

फाइलिंग फी ५,००० डॉलर, परत मिळत नाही. पुढचा खर्च वादाच्या रकमेवर, तेव्हा छोट्या बिलासाठी या भानगडीत पडू नका.

मला आवडणारी गोष्ट म्हणजे ड्राफ्ट तपासणी. लवादांनी निवाडा लिहिला की लगेच सही करता येत नाही, तो आधी कोर्टाकडे जातो, तिथे व्याजाची बेरीज चुकली का, एखाद्या मुद्द्याला उत्तरच दिलं नाही का, असं सगळं बघतात आणि परतही पाठवतात, पण कोण जिंकलं यात हात घालत नाहीत.

आणि हो, करारात सीट, म्हणजे ही लवादाची केस कायद्याने कुठल्या शहरातली धरायची, ती कुठली लिहिलीय ते आधी बघा! सीट मुंबई असेल तर आयसीसीचा निवाडा असला तरी तो रद्द करायला आपल्याच हायकोर्टात जायचं, पॅरिस असेल तर तिकडच्या.