नर्सिंगला यायचं, पण कोणत्या दारानं?

प्रिय,

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत: आत्ताची नोकरी सोडून नर्सिंगला यावं का, आणि यायचं तर सगळ्यात लवकर कसं. पहिल्याचं उत्तर तुझं तुलाच शोधावं लागेल. दुसरा प्रश्न मात्र उलटा विचारलास. कोर्स किती महिन्यांत संपतो ते नंतर. संपल्यावर रजिस्ट्रेशन कुठे होतं ते आधी. पदवी हातात असली म्हणून परवाना मिळतोच असं नाही. तेव्हा शेवटाकडून सुरुवात कर. काम कुठे करायचं ते ठरव आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेज आणि कोर्स दोन्ही आहेत का, ते स्वतः तपास. माहितीपत्रकातल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर जाऊ नकोस. मान्यता कोणाची, कोणत्या कोर्सला आणि कोणत्या सालापर्यंत, हे बघायचं असतं.

आधीच्या पदवीचा उपयोग किती, हे ज्या त्या देशावर आहे. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी साधारण ११ ते १८ महिन्यांचा जलद बी.एस्सी. असतो, भाषा, समाजशास्त्र असले विषय पुन्हा करावे लागत नाहीत म्हणून तो इतका आटोपतो. तिथेच असोसिएट, म्हणजे बी.एस्सी.हून छोटी पदवी घेऊनही नर्सच्या परवान्याची तीच एनक्लेक्स-आरएन परीक्षा देता येते. युरोपीय संघात किमान ३ वर्षं आणि ४६०० तास लागतात, त्यातला निम्मा वेळ तरी प्रत्यक्ष रुग्णांमध्ये. भारतात असा जवळचा रस्ता नाही. जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी, म्हणजे नर्सिंगची पदविका) ३ वर्षं, बी.एस्सी. ४ वर्षं, आधी एम.कॉम. झालेलं असलं तरी सुरुवात पहिल्या वर्षापासूनच. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. जीएनएमला कला-वाणिज्यवालेही येऊ शकतात, आणि पुढे २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळते. विज्ञान नसलेल्यानं बी.एस्सी.साठी पुन्हा बारावीला बसण्यापेक्षा हा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो. वयाची अट मात्र फॉर्म भरण्याआधी बघ. दुसऱ्या करिअरवाले तिथेच अडतात.

जलद कोर्सबद्दल एक सांगून ठेवतो. त्यात गाडी अडते ती बुद्धी कमी पडल्यानं नव्हे, एखादा विषय राहिल्यानं. शरीररचना, औषधशास्त्र, नाहीतर औषधांच्या गणिताची चाचणी. सगळी बॅच एकत्र पुढे सरकत असते, त्यामुळे राहिलेला विषय पुन्हा कधी मिळेल ते पुढची बॅच कधी येते त्यावर. म्हणजे कधी कधी अख्खं वर्ष. आणि वॉर्डातल्या ड्यूट्या तुझ्या सोयीनं लागत नाहीत. ‘शनिवार-रविवार जुनं काम करीन’ हे कागदावर जमतं, रात्रपाळ्या लागल्या की मोडतं. पैशाचा हिशोब कोर्सचे महिने अधिक ६ असा धर. निकाल, परवाना परीक्षा, रजिस्ट्रेशन आणि पहिली नोकरी यांत तेवढे सहज जातात.

गणिताची भीती असेल तर आत्ताच काढून टाक. १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे आणि सेट, म्हणजे सलाईनची नळी, १ मिलीला २० थेंबांचा आहे. ८ तासांची मिनिटं ४८०. १००० गुणिले २०, भागिले ४८०: ४१.६७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. आता तोच आकडा धरून १ मिलीला १५ थेंबांच्या सेटवर ४२ थेंब सोडले तर? थेंब मोठा, म्हणून तासाला १२५ऐवजी १६८ मिली आत जातं आणि बाटली ६ तासांत रिकामी होते. धडधाकट माणसाला कदाचित चालून जाईल. हृदय कमकुवत असेल तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं. गणित बरोबर होतं, सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचला नाही, एवढंच. अशी दहा गणितं रोज सोडव, उत्तराआधी एकक लिहून.

कॉलेजला भेट देशील तेव्हा इमारत बघत बसू नकोस. वॉर्डात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतात? पोस्टिंग कोणत्या रुग्णालयांत, आणि किती लांब? गेल्या तीन बॅचमध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी वेळेत किती पास झाले? ‘परीक्षेला बसलेल्यांपैकी’ हा आकडा पुढे केला, तर मधेच गळलेले त्यात धरलेले नसतात. हे विद्यार्थ्यांनाही विचार, पण शिक्षक समोर नसताना.

शक्य असेल तर प्रवेशाआधी काही आठवडे मदतनीस किंवा स्वयंसेवक म्हणून वॉर्डात काढ, त्यात एखादी रात्र असू दे. कूस बदलणं, बेडपॅन, उलटी, नातेवाइकांचा राग, हे सगळं तिथे कळतं. आजवर तुझ्या हाताखाली माणसं असतील. इथे वयानं लहान सिस्टर सर्वांसमोर चूक दाखवेल. त्या क्षणी ‘हो, पुन्हा करून दाखवा’ एवढंच म्हणता येतंय का, ते बघ.

आणि हिपॅटायटिस बीची लस आजवर घेतली नसेल तर वाट बघू नकोस. नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासतात. निदान १० mIU/मिली हवीत. प्रवेश झाल्यावर सुरुवात केलीस तर पहिलं पोस्टिंग लांबू शकतं. पहिला डोस या आठवड्यात घे, आणि कौन्सिलच्या यादीत काय सापडलं ते कळव.