विचारा, सांगते : वेगळा पक्ष का नाही?

प्रश्न : अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षातले मध्यममार्गी आणि पुरोगामी सतत भांडतात. मग पुरोगामी वेगळी चूल का मांडत नाहीत? – एक वाचक, सांगली

उत्तर : तिथे तिसरा पक्ष उभा राहिला की मतं फुटतात आणि रिपब्लिकनांचं फावतं. शिवाय उमेदवार पक्षश्रेष्ठी नाही, प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठीच्या मतदानात, मतदार ठरवतात. २०१८मध्ये पुरोगामी अलेक्झांड्रिया ओकासियो-कॉर्टेझ यांनी जो क्राऊली या पक्षातल्याच बड्या नेत्याला तिथेच हरवलं. म्हणून भांडण घरातच.

त्या भांडणाची किंमत मात्र भलतेच लोक मोजतात, हे मला फार लागतं. २०२१मध्ये सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, दोन पक्षांत ५०-५० अशी विभागलेली; डेमोक्रॅटांना तिथे आपलं एकही मत गमावणं परवडत नव्हतं. कनिष्ठ सभागृहात पुरोगाम्यांनी रस्ते-पुलांचं विधेयक अडवलं : आधी सामाजिक योजनांची हमी द्या. नोव्हेंबरात बहुतेकांनी माघार घेतली, सहा जणांनी विरोधात मत दिलं. डिसेंबरात वेस्ट व्हर्जिनियाचे मध्यममार्गी डेमोक्रॅट सिनेटर जो मॅन्चिन यांनी सामाजिक विधेयकाला नकार दिला आणि मुलांसाठीची वाढीव करसवलत संपली. करसवलतीही धरणाऱ्या सरकारच्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य २०२१मध्ये ५.२ टक्के होतं, २०२२मध्ये १२.४.

मॅन्चिन यांचं राज्य ट्रम्प यांच्या बाजूचं होतं, त्यांना तिथेच निवडून यायचं होतं, हे मला कळतं. तरी या बाबतीत पुरोगाम्यांचंच बरोबर होतं, असं मी ठामपणे म्हणेन. ऑगस्ट २०२२मध्ये त्याच मॅन्चिन यांच्या संमतीने त्या सामाजिक विधेयकाऐवजी एक लहान कायदा झाला. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यावरच्या वृद्धांना इन्शुलिन महिना ३५ डॉलरांत मिळू लागलं. मुलांची सवलत त्यात नव्हती.