सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांनी का वाढतात?

कारण सूर्य घट्ट गोळा नाहीये, त्याचं विषुववृत्त साधारण २५ दिवसांत फिरतं आणि ध्रुवांकडच्या भागाला ३५ च्या आसपास लागतात, त्यामुळे आतलं चुंबकीय क्षेत्र दोऱ्यासारखं ताणलं जाऊन गुंडाळत जातं आणि त्याचे पीळ जिथे वर येतात तिथे आतली उष्णता अडते, तो भाग आजूबाजूपेक्षा थंड पडून काळा दिसतो. पीळ वाढत जातात तसे डागही वाढतात, मग चुंबकीय क्षेत्र उलटं होऊन गुंडाळणं नव्याने सुरू होतं, आणि या फेऱ्याला साधारण ११ वर्षं लागतात. डागांत चुंबकत्व असतं हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेलने १९०८ मध्ये डागांच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगलेल्या बघून दाखवलं. टेलिस्कोपने कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून रोज डाग पेन्सिलने मार्क करा, ते सरकताना स्पष्ट दिसतात (थेट डोळा लावू नका, प्लीज!). फक्त ११ ही सरासरी आहे, एखादं चक्र ९ वर्षांत संपतं तर एखादं १३ च्या वर जातं, आणि दर चक्रात सूर्याचे चुंबकीय ध्रुव उलटतात आणि ते मूळ जागी यायला दोन चक्रं लागतात म्हणून चुंबकीय चक्र पूर्ण व्हायला २२ वर्षं लागतात.