कचेरी आखण्याआधी एकदा वाळपईहून ये

चि. मुलीस अनेक आशीर्वाद,

पणजी-पर्वरी पट्ट्यातल्या नव्या सरकारी कचेऱ्यांच्या आराखड्यावर तुला घेतलं, हे वाचून फार बरं वाटलं. नकाशे नंतर पाहू. आधी एका सकाळी वाळपईहून बसने पणजीला ये, कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून. कदंब स्थानकावर उतर, मांडवी नदी ओलांडायला दुसरी बस धर आणि पर्वरीच्या सचिवालयाच्या दारापर्यंत पोच. किती वेळ गेला ते लिहून ठेव.

आपल्याकडे राजधानी आणि कचेऱ्या हलवणं नवं नाही. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. विधानसभा आदिलशाही राजवाड्यातून पर्वरीला गेली ती २००० साली. पण दक्षिण टोकाच्या काणकोणच्या माणसाची फेरी त्यात वाचली का, हे कुणी विचारलं? म्हणून पहिला प्रश्न इमारतीचा नाही. कुठलं काम राजधानीत व्हायलाच हवं आणि कुठलं मामलेदार कचेरीतच उरकेल, हे आधी ठरव. गोवा जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटरचा. तरी साध्या दाखल्यासाठी शेतकऱ्याचा अख्खा दिवस मोडतो.

एक चूक सांगतो, माझीच. मी आखलेल्या एका कचेरीत दाखल्याची खिडकी बाहेरच्या भिंतीला होती, वर पत्र्याची दीड हाताची झाप. जुलैत पाहणीला गेलो. एक म्हातारी एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात अर्ज धरून उभी होती. खिडकीचं भोक इतकं खाली की बोलायला तिला कमरेत वाकावं लागत होतं. अर्जावरची शाई फुटून निळा ओघळ झाला होता. कारकुनाने तो परत केला. ती काही बोलली नाही, फक्त कागद पदराने टिपत राहिली.

तेव्हापासून मी आधी पडवी आखतो, मग कचेरी. रांग पूर्ण मावेल एवढी खोल पडवी, बसायला सोपो म्हणजे बांधीव कट्टा, ओल्या छत्र्यांना जागा. लोकांचं काम तळमजल्यावर, साहेब वर. दारापर्यंतच्या उताराला (रॅम्पला) एका फुटाच्या चढामागे बारा फूट लांबी दे. जागा कमी पडते म्हणून कुणी ती तोडायला सांगितलं तर भांड. आणि अभिलेख तळघरात मुळीच नकोत. पणजीतल्या पाटोसारख्या सखल भागात पाणी कुठवर चढतं, ते जुन्या दुकानदारांना विचार.

आठवडाभरात जाऊन ये. पाऊस असेल तर उत्तम. काय दिसलं ते सविस्तर कळव.

तुझा,
काका